गुलाल सगळेच टिपतात

कोल्हापूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणतात. पत्र चांगलं चार पानी आहे, त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देते:

"मी २९ वर्षांची. मेकॅनिकलचा डिप्लोमा. शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आणि मशीन शॉप असलेल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. ४ वर्षं ४ महिने झाले, हातात ३२ हजार येतात. फोटोंचं वेड कॉलेजपासूनचं. जोतिबाच्या यात्रेतला गुलाल, तालमीतली लाल माती, रंकाळ्याची संध्याकाळ, पंचगंगेच्या घाटावरचं धुकं असं सगळं इन्स्टाग्रामवर टाकते. १४ हजार फॉलोअर आहेत, कमेंटमध्ये सगळे म्हणतात, 'ताई, नोकरी सोडा, फुलटाइम करा.' लग्नसराईत एका फोटोग्राफरबरोबर सेकंड शूटर म्हणून जाते, दिवसाला ३ हजार मिळतात. दिवाळीनंतर राजीनामा द्यायचा आणि साडेतीन लाखांची फुल-फ्रेम बॉडी आणि दोन लेन्स हप्त्यावर घ्यायच्या असं मनात आहे. नवरा तयार आहे. सासूबाई म्हणतात, 'फोटो काढून कुणाचं घर चाललंय?' शिवाय एका हॉटेलने माझा घाटाचा फोटो न विचारता मेनूकार्डवर छापला. विचारलं तर म्हणाले, 'तुमचंच नाव होतंय की!' काय करू?"

ताई, तुमच्या चार पानांत सगळ्यात कामाचा प्रश्न सासूबाईंनी विचारलाय. तो टोमणा म्हणून आला असेल, तरी हिशोब म्हणून घ्या. फोटो काढून कोल्हापुरात पुष्कळांची घरं चालली आहेत. ती चालली लग्नाच्या ऑर्डरींवर, करिझ्मा अल्बमवर, शाळांच्या ग्रुप फोटोंवर आणि पासपोर्टच्या आठ कॉप्यांवर. रंकाळ्याच्या संध्याकाळीवर चाललेलं एकही घर माझ्या तरी पाहण्यात नाही.

आधी आकडे मांडू. घरात महिन्याला ३२ हजार यायलाच हवेत असं धरलं तर वर्षाचे ३ लाख ८४ हजार. साडेतीन लाखांचं साहित्य चार वर्षं चालेल असं धरलं तर त्याची झीज वर्षाला साडेसत्याऐंशी हजार, हप्त्याचं व्याज वेगळंच. हार्डडिस्क, एडिटिंगचं सॉफ्टवेअर, विमा, पेट्रोल, सीएची फी असे किरकोळ वाटणारे खर्च मिळून ७० हजार तरी. बेरीज ५ लाख ४१ हजारांच्या वर जाते. नव्याने एकटीने सुरुवात करणाऱ्या माणसाला वर्षात पैसे मिळणारे ६० दिवस मिळाले तरी पुष्कळ म्हणायचे, कारण आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत आणि पौषात कुणी लग्न धरत नाही. म्हणजे दिवसाला साधारण ९ हजार सुटायला हवेत. आज तुम्हाला ३ हजार मिळतात. यात पीएफमधला कंपनीचा वाटा मी धरलेलाच नाही.

आणखी एक. तुम्ही कायम नोकरीत असाल तर ग्रॅच्युइटीला ५ वर्षं पुरी लागतात. तुमची ४ वर्षं ४ महिने झालीत. वर्षामागे १५ दिवसांचा पगार या हिशोबाने, बेसिक १८ हजार धरलं तरी ५० हजारांच्या वर रक्कम होते. आठ महिने आधी ती कंपनीला सोडून देण्याइतक्या तुम्ही श्रीमंत आहात असं पत्रावरून वाटलं नाही.

नोकरी धरून ठेवणं म्हणजे कलेशी बेइमानी, असं कमेंटवाल्यांनी तुमच्या डोक्यात भरवलेलं दिसतंय. फोटोग्राफर गौतम राजाध्यक्ष हे नाव तुम्हाला सांगायला नको. केमिस्ट्री शिकलेला हा माणूस १९७४ मध्ये लिंटास या जाहिरात कंपनीच्या फोटो विभागात लागला आणि १९८७ पर्यंत तिथे होता. अर्ध्या सिनेसृष्टीने त्यांच्यासमोर चेहरा धरला, त्यातली काही वर्षं ते नोकरदारच होते.

आता तुमच्या फोटोंकडे येते. तुम्ही पाठवलेलं पान मी पूर्ण खाली जाऊन पाहिलं. तुमची नजर चांगली आहे, यात वाद नाही. तालमीतल्या फोटोत झरोक्यातून येणारा उजेड तुम्ही मातीवर पडू दिलात आणि पैलवान अर्धा अंधारात ठेवलात, हे धाडस सगळ्यांना जमत नाही. पण गुलालाचे फोटो पाहताना मी थांबले. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्यांइतकेच कॅमेरे असतात. तुमचा गुलाल आणि पुढच्याचा गुलाल यांत फरक ओळखायला फोटोग्राफरच लागतो. आणि तुम्हाला लाइक करणारे बरेचसे फोटोग्राफरच आहेत. मी नावं उघडून पाहिली: अमुक क्लिक्स, तमुक फोटोग्राफी, फलाणा फ्रेम्स. ही मंडळी मनापासून दाद देतात, पण तुम्हाला काम देणार नाहीत. त्यांना स्वतःलाच काम हवंय.

आपलं ताजं काम लोकांसमोर ठेवायचं ते कुणासमोर, हे एकदा ठरवा. फोटोला पैसे मोजणारा माणूस तुमच्या पानावर आला तर त्याला स्वतःचं काम तिथे दिसायला हवं. नवरीच्या आईला हळदीचे फोटो दिसायला हवेत, डॉक्टरला दवाखान्याचे, कारखानदाराला कारखान्याचे. गुलाल पाहून तो 'वा' म्हणेल आणि पुढे जाईल. कणकवलीत राहून काम करणारे फोटोग्राफर इंद्रजित खांबे पाहा. दशावतारी कलावंत आणि सिंधुदुर्गातलं रोजचं जगणं हा विषय त्यांनी धरून ठेवला, आणि त्या विषयाला त्यांचंच नाव चिकटलं. दर आठवड्याला नवा विषय घेतला असता तर हे झालं नसतं.

आणि मला नवल वाटलं ते हे, की तुम्ही रोज आठ तास फाउंड्रीत असता आणि तुमच्या शेकडो फोटोंत लोखंडाचा एक तुकडा नाही!

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित एमआयडीसी आणि जुनं उद्यमनगर. तिथे ओतकाम आणि मशिनिंग करणारे जितके कारखाने आहेत, त्यांतल्या निम्म्यांच्या वेबसाइट उघडून बघा. मोबाइलवर काढलेला जॉब (कारखान्यात तयार झालेला सुटा भाग), मागे टेबलाची पिवळी सनमायका, कोपऱ्यात कुणाचा तरी चहाचा ग्लास, आणि मशीन केलेल्या फेसवर, म्हणजे पृष्ठभागावर, फ्लॅशचा पांढरा डाग. हेच फोटो परदेशी गिऱ्हाइकाला मेल होतात. मालकाने संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर ५० लाख घातलेले असतात आणि जॉबचा फोटो मात्र डिस्पॅचवाल्या पोराने काढलेला असतो. हे काम करणारे फोटोग्राफर आहेत, नाहीत असं नाही. पण बहुतेकांना जॉब उलटा ठेवलाय की सुलटा हे कळत नाही. तुम्हाला कळतं. गिऱ्हाईक कुठल्या फेसकडे बघणार, थ्रेड (आटे) कुठून दिसायला हवेत, ब्लोहोल (ओतकामात हवेने पडलेली पोकळी) कुठे असण्याची शक्यता असते आणि म्हणून इन्स्पेक्टरची नजर आधी कुठे जाते, हे चार वर्षांत तुमच्या हाडात मुरलंय. हे शिकवणारी फोटोग्राफीची संस्था मला तरी माहीत नाही.

मी बरीच वर्षं कारखान्यांचे फोटो काढत आले, म्हणून तंत्राच्या चार गोष्टी सांगते. चकचकीत धातूचा फोटो काढता तेव्हा प्रत्यक्षात त्या धातूत जे दिसतंय त्याचा फोटो येत असतो, तुमच्या लाल कुर्त्यासकट. म्हणून अंगात काळं किंवा राखाडी घाला. थेट फ्लॅश नको. जॉबच्या दोन्ही बाजूंना आणि वर ट्रेसिंग पेपरचा किंवा पांढऱ्या कापडाचा आडोसा करा आणि उजेड त्याच्या पलीकडून येऊ द्या. मग सगळंच पांढरं आणि सपाट दिसायला लागेल. तेव्हा काळ्या कार्डबोर्डची पट्टी कडेला धरून बघा, कड लगेच उठून येते. पोलरायझर फिल्टर लावून चमक जाईल असं वाटेल. तो पाण्यावर आणि काचेवर चालतो, उघड्या धातूवर त्याचा फारसा उपयोग नाही. लेन्स ७० ते १०० मिलिमीटरच्या आसपासची घ्या, नाहीतर गोल फ्लँज (पाइप जोडायची कडी) अंड्यासारखा दिसेल. आणि ताजं मशीन केलेलं कास्ट आयर्न उघड्या हाताने उचलू नका हे तुम्हाला काय सांगायचं, पण मदतीला येणाऱ्या भाच्याला सांगा. बोटांच्या घामाने दुसऱ्या दिवशी गंज दिसतो.

पोअरिंगचा, म्हणजे रस ओततानाचा, फोटो तर तुम्ही डोळे मिटून काढाल. १४०० अंशांच्या आसपासचं लोखंड लॅडलमधून पडताना एक्स्पोजर त्या रसावर धरा, बाकीचं अंधारात जाऊ द्या. तालमीत तुम्ही हेच केलंत. फक्त कुठे उभं राहायचं ते सुपरवायझर ठरवणार. आणि माणूस फ्रेममध्ये असेल तर त्याच्या डोळ्यांवर गॉगल, हातात ग्लोव्हज, पायात सेफ्टी शूज आहेत ना, हे शटर दाबायच्या आधी बघा. निर्यात करणाऱ्या कारखान्याचं गिऱ्हाईक ऑडिटला येतं. उघड्या डोळ्यांनी रस ओतणाऱ्या कामगाराचा फोटो कितीही जबरदस्त असला तरी मालक तो भिंतीवर लावू शकत नाही. कामगाराच्या जिवाचा प्रश्न तर त्याच्याही आधी येतो.

(जाता जाता: मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी परदेशी कॅमेऱ्यावाचून अडून न बसता कोल्हापुरातच, इथल्या कारागिरांच्या हातून, सिनेमाचा कॅमेरा घडवून घेतला होता. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा लेथ आणि लेन्स या गावात एकत्र कसे नांदतील याची काळजी नको.)

सुरुवात तुमच्याच कंपनीपासून करा, पण सरळ मार्गाने. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंचा हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, कंपनीकडे जातो. म्हणून एचआरकडून जोडकामाची लेखी परवानगी घ्या, सुट्टीच्या दिवशी काम करा, बिल वेगळं द्या. गिऱ्हाइकाचं नाव किंवा पार्ट नंबर ओतलेला जॉब परवानगीशिवाय कुठेही टाकू नका. बऱ्याच कंपन्यांनी गुप्ततेचे करार केलेले असतात, आणि एका पोस्टपायी नोकरीही जाईल आणि एमआयडीसीत नावही. सुरुवातीला नमुना म्हणून बाजारात मिळणारा एखादा व्हॉल्व्ह किंवा पंपाची बॉडी विकत आणा आणि घरी त्यावर हात बसवा.

पंधरा फोटो जमले की पीडीएफ करा. इन्स्टाग्राम इथे दुय्यम. कारखानदार व्हॉट्सॲप बघतो. पण व्हॉट्सॲपवर फोटो तसाच टाकलात तर तो दाबला जाऊन खराब होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग 'स्मॅक', 'गोशिमा', कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन अशा संघटनांच्या कार्यक्रमांना जा, ओळखी करा. फाउंड्रीवाल्यांचं मोठं प्रदर्शन जवळ आलं की सगळ्यांना एकदम कॅटलॉग आठवतो. त्याच्या दोन महिने आधी तुमची पीडीएफ पोचलेली असू दे.

लग्नांना मी नावं ठेवत नाही. उलट हळदीच्या आणि नवरी तयार होण्याच्या खोलीत बाई फोटोग्राफर असली तर बायका मोकळ्या होतात, आणि तो फायदा तुम्ही पुढे पैशांतही मागायला हवा. पण सेकंड शूटर म्हणून काढलेले फोटो तुम्ही स्वतःच्या पानावर टाकता का, हे पत्रात नाही. टाकत असाल तर मुख्य फोटोग्राफरला विचारूनच टाका. ऑर्डर त्यांची, गिऱ्हाईक त्यांचं. शिवाय कायदा इथे अनेकांना चकवतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर हक्काचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो, लेखी काही नसेल तर, त्या घरच्यांचे. म्हणून ऑर्डर घेतानाच एका कागदावर लिहून घ्या: निवडक फोटो मी माझं काम म्हणून दाखवीन. कुणी नको म्हणालं तर तेही लिहा आणि पाळा. मुख्य फोटोग्राफरशीही तसंच: इतके फोटो, माझ्या नावासह. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या नवऱ्याच्या, माणेकशांच्या, नावाने छापून येत होते. त्याला आता ऐंशीहून जास्त वर्षं झाली. तुम्ही अजून दुसऱ्याच्या वॉटरमार्कखाली का राहायचं?

कॅमेरा. साडेतीन लाखांचा हप्ता आत्ता नको. जॉब जागचा हलत नाही. ट्रायपॉडवर तुमचा आहे तो कॅमेरा एफ-११ला (लेन्सचं छिद्र लहान ठेवून) उत्तम काम करील. आधी दिवे, आडोसे आणि चांगला ट्रायपॉड घ्या, त्याला साडेतीन लाखांचा दहावा हिस्साही लागणार नाही. लग्नाला स्वतःची ऑर्डर घ्याल तेव्हा मात्र दोन कार्डांवर एकदम लिहिणारी बॉडी हवी, कारण मंगलाष्टकांचा रिटेक नसतो. ती तोवर भाड्याने आणा आणि भाडं ऑर्डरच्या दरात धरा. कार्ड मात्र अल्बम हातात पडेपर्यंत फॉरमॅट करायचं नाही.

हॉटेलचं काम आजच करा. तो फोटो तुम्ही स्वतःहून काढलात, कुणी पैसे देऊन काढून घेतला नव्हता. तेव्हा हक्क पूर्ण तुमचा, हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं. त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि इन्स्टाग्रामवर टाकल्याने फोटो गावजेवण होत नाही. आधी मेनूकार्डाचे तारखेसह फोटो काढून ठेवा, नवं कार्ड छापलं की पुरावा गेला. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेली कच्ची फाइल) जपा. मग सभ्य भाषेत एक पत्र आणि त्याबरोबर वाजवी रकमेचं बिल, ईमेलने आणि स्पीड पोस्टाने. फोनवर वाद घालू नका. 'तुमचंच नाव होतंय' याला उत्तर एकच: नाव छापलंय कुठे ते दाखवा. तालमीतल्या पैलवानाचा फोटो उद्या कुणी प्रोटीन पावडरच्या जाहिरातीला मागितला तर त्या पैलवानाची लेखी संमती आणि त्याचा वाटाही असाच आधी ठरवा. आपण हॉटेलवाल्यासारखं वागायचं नाही.

राहिलं बिलाचं. एमआयडीसीत काम मिळणं एक वेळ सोपं, पैसे निघणं अवघड. 'पुढच्या आठवड्यात बघू' हे वाक्य तुम्ही खरेदी विभागाच्या तोंडून सप्लायरांना ऐकवलेलं ऐकलंच असेल. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या 'उद्यम' या सरकारी पोर्टलवर नोंदणी करा. ती फुकट आहे, एजंटाला पैसे देऊ नका. नोंदणीचा नंबर बिलावर छापा. एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, आणि लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांतच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय मुदत उलटली आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत तर तो खर्च देणाऱ्याला त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही. मालकाला हे माहीत नसलं तरी त्याच्या सीएला पक्कं माहीत असतं, म्हणून मार्च जवळ आला की अशी बिलं आपोआप वर येतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, तेव्हा 'जीएसटी नंबर नाही, मग बिल कसं घेऊ' म्हणणाऱ्याला साधं बिल चालतं हे सांगा. निम्मे पैसे आगाऊ घ्या, उरलेले फाइली देण्याआधी. तोवर बघायला द्यायच्या कॉप्या लहान आणि वॉटरमार्कच्या.

राजीनाम्याचा कागद कधी काढायचा, तर सलग सहा महिने फोटोंचे पैसे पगाराइतके आले आणि त्यातलं निम्मं काम तुम्हाला आधी न ओळखणाऱ्या लोकांकडून आलं, की काढा. तोवर ग्रॅच्युइटीची ५ वर्षंही भरलेली असतील. मधल्या काळात पहिलं बिल पास झालं की त्याची एक झेरॉक्स सासूबाईंना दाखवा, आणि जॉबचे फोटो मला पाठवा. फ्लँज गोल आलाय का ते बघते.